खबरी म्हणजे कोण? गोव्यातल्या वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

‘खबरी’ या शब्दाबद्दल प्रश्न येत राहतात. पेडण्यापासून काणकोणापर्यंतचे वाचक विचारतात. त्यांत बातमीदार आहेत, कथा लिहिणारे आहेत, शाळेत शिकवणारे आहेत, आणि गावात एखादी तक्रार केली म्हणून हे नाव ज्यांना चिकटलं असे लोकही आहेत. या शेवटच्या मंडळींसाठी उत्तरं जरा जास्त जपून लिहिली आहेत. शब्द छोटा असला तरी तो चुकीच्या माणसावर पडला की त्याला गावात वावरणं कठीण होतं.

१. खबरी म्हणजे नेमका कोण?

जो आतल्या गोटातली बातमी गुपचूप अधिकाऱ्याला पोचवतो आणि बदल्यात काहीतरी पदरात पाडून घेतो, तो खबरी. या वाक्यात चार खुणा आहेत. बातमी आतली असते, म्हणजे बाहेरच्याला सहज न मिळणारी. ती चोरून दिली जाते. ती देण्याचं ठिकाण बहुधा पोलीस, अबकारी, कस्टम अशा अधिकार असलेल्या खात्यात असतं. आणि चौथी खूण मोबदल्याची: पैसा, संरक्षण, स्वतःच्या एखाद्या भानगडीकडे काणाडोळा, किंवा प्रतिस्पर्ध्याचा काटा निघणं. चारही खुणा जुळल्या तर खबरी हा शब्द बिनदिक्कत वापरावा. दोनच जुळत असतील तर दुसरा शब्द शोधावा. पुढची बरीच उत्तरं याच चार खुणांवर उभी आहेत.

२. शब्द आला कुठून? अस्सल मराठी आहे का?

‘खबर’ मूळ अरबी. फारसीमार्गे मराठीत आला आणि इतका मुरला की आता परका वाटत नाही. त्याच घरातले ‘खबरदार’, ‘बेखबर’, ‘खबरबात’ आपण रोज बोलतो. ‘खबरदार’चा मूळ अर्थ ज्याच्यापाशी खबर आहे तो, म्हणजे सावध माणूस. पुढे तो धमकीचा शब्द झाला: ‘खबरदार, पुढे पाऊल टाकशील तर!’ ‘खबर’ला ‘ई’ जोडून माणूस दाखवायची रीत हिंदुस्तानी वळणाची आहे. पोलीस ठाण्यातली बोली, मुंबईची गुन्हेगारी बातमीदारी आणि हिंदी सिनेमा यांनी हा शब्द घरोघर नेला.

‘खबर घेणे’ याचा मात्र हेरगिरीशी संबंध नाही. ‘बापाने त्याची चांगलीच खबर घेतली’ म्हणजे खरडपट्टी काढली. एका वाचकाने भाषांतरात ‘बापाने त्याच्याबद्दल माहिती मिळवली’ असं लिहिलं होतं. ते अर्थातच बरोबर नाही.

३. खबरी, खबऱ्या, खबरे: बरोबर रूप कोणतं? बाईला काय म्हणावं?

‘खबरी’ आणि ‘खबऱ्या’ दोन्ही चालतात. ‘खबऱ्या’ला थोडा तुच्छतेचा वास आहे, जसा ‘सांगकाम्या’ला आहे. ‘खबरी’ त्या मानाने तटस्थ. प्रत्यय लागल्यावर ‘खबऱ्याने’, ‘खबऱ्याला’, ‘खबऱ्यांचं जाळं’ अशी रूपं होतात. ‘खबरीने’, ‘खबरीला’ हेही बोलण्यात ऐकू येतं आणि ते चूक म्हणण्याचं कारण नाही. लिहिताना ‘खबर्या’ करू नका, ‘खबऱ्या’च लिहा. बाईसाठीही खबरीच: ‘ती अबकारीवाल्यांची खबरी आहे.’ ‘खबरीण’ असं रूप कुणी बनवलं तर ते कानाला खटकतं आणि त्याची गरजही नाही.

४. कोंकणीत तर दिवसभर ‘खबर’ चालू असते. मग गोव्यात घोटाळा होत नाही का?

होतो, विशेषतः बाहेरून आलेल्या मराठी माणसाचा. कोंकणीत ‘खबर’ म्हणजे साधी माहिती. म्हापशाच्या बाजारात पेडण्याची बस कुठून सुटते असं विचारलं आणि समोरची बाई ‘म्हाका खबर ना’ म्हणाली, तर तिला एवढंच म्हणायचं असतं की मला ठाऊक नाही. ‘तुका खबर आसा?’ म्हणजे तुला माहीत आहे का? ‘खबरो मारप’ म्हणजे गप्पा ठोकणं, मालवणीतल्या गजालींसारखं. यात कुणी कुणाचा खबरी नसतो.

पण गोव्यात बहुतेकांच्या तोंडी दोन्ही भाषा असतात, त्यामुळे एकाच वाक्यात दोन अर्थ शेजारी बसतात. ‘त्याला सगळी खबर असते’ हे कौतुक आहे. ‘तो सगळी खबर देतो’ यात आरोप आहे. ‘असते’च्या जागी ‘देतो’ आलं की अर्थ पालटला. लिहिणाऱ्याने एवढं भान ठेवलं तरी पुरे.

५. पेपरात ‘गुप्त बातमीदारामार्फत’ असं येतं. तो खबरीच का?

तोच. पोलिसी कागदावर ‘खबरी’ लिहीत नाहीत, ‘गुप्त बातमीदार’ लिहितात. ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाल्यावरून सापळा रचला’ हे साच्याचं वाक्य. पेपरात तेच ‘मिळालेल्या गोपनीय माहितीच्या आधारे छापा’ असं उतरतं. सिंधुदुर्गच्या हद्दीत इन्सुली, बांदा भागात ‘गोवा बनावटीची दारू’ पकडली गेल्याच्या बातम्या वाचा, बहुतेकांत ही शब्दावली भेटेल. रात्री एवढ्या गाड्या जातात, त्यांतली नेमकी तीच कशी अडवली याचं उत्तर त्या एका वाक्यात असतं.

‘बातमीदार’ या शब्दाचा प्रवास मला फार आवडतो. पूर्वी तो शत्रूच्या मुलखातली बित्तंबातमी आणणारा होता. आज तो वर्तमानपत्रात नाव छापून लिहिणारा प्रतिष्ठित माणूस आहे. पोलिसी कागदाने जुना अर्थ जपला, म्हणून तिथे आधी ‘गुप्त’ लावावं लागतं.

६. खबरी आणि हेर यांत फरक काय?

हेर नेमलेला असतो. तो आपल्या बाजूचा माणूस, शत्रूच्या गोटात पाठवलेला. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे बहिर्जी नाईक किंवा जुन्या कागदांत भेटणारे ‘जासूद’ हे राज्याचे चाकर होते, आणि त्यांच्याबद्दल आपण आदरानेच बोलतो. खबरी त्याच गोटातला असतो आणि तिथूनच बाहेर बोलतो. म्हणून हेराच्या वाट्याला पराक्रम येतो आणि खबऱ्याच्या वाट्याला संशय, मग त्याने दिलेल्या बातमीमुळे शंभर माणसांचे जीव वाचलेले असोत. बहिर्जींना खबरी म्हणणं हा शब्दाचा सरळसरळ गैरवापर आहे.

७. चहाडखोर, चुगलखोर, कळलाव्या हेही खबरीच ना?

नाही. चहाडी किंवा चुगली ही घरातली, कचेरीतली, वाड्यावरची गोष्ट. सुनेबद्दल सासूकडे, कारकुनाबद्दल साहेबाकडे. कोंकणीत तिला ‘चाडी’ म्हणतात. त्यात गुन्हा, खातं, छापा यांतलं काही नसतं. कळलाव्या तर बातमीही देत नाही, तो दोघांच्या मध्ये काडी टाकून मजा बघतो. ‘साहेबांचा खबरी’ असं कचेरीत म्हणतात ते लाक्षणिक आहे आणि चालतं, पण ‘साहेबांचे कान’ हा त्याहून नेमका शब्दप्रयोग आपल्याकडे आधीपासून आहे.

८. पंटर, पंच, झिरो पोलीस: यांतला खबरी कोण?

यांतला कुणीच नाही, तरी गल्लत रोज होते.

पंटर म्हणजे छाप्याआधी पोलिसांनी पाठवलेलं बनावट गिऱ्हाईक. मटक्याच्या अड्ड्यावर तो आकडा लावतो, खुणेच्या नोटा देतो, आणि त्याने इशारा केला की पथक आत शिरतं. मुंबईकडे टोळीतल्या किरकोळ पोरालाही पंटर म्हणतात, तो अर्थ वेगळा.

पंच म्हणजे जप्तीच्या वेळी उभा केलेला त्रयस्थ साक्षीदार, ज्याची पंचनाम्यावर सही असते. बिचारा बऱ्याचदा नाक्यावरून उचललेला असतो, कधी पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, कधी गाड्यावर चहा पिणारा. सही केली म्हणून गावाने त्याला ‘पोलिसांचा माणूस’ ठरवणं हा उघड अन्याय आहे. त्याने कुठलीच बातमी दिलेली नसते.

झिरो पोलीस ही बोलीतली संज्ञा आहे. खात्यात नोकरी नाही, पण ठाण्यात ऊठबस आहे, साहेबांची कामं करतो, खबऱ्यांशी बोलणी करतो, असा खासगी माणूस. तो खबऱ्यांचा मध्यस्थ असू शकतो, खबरी असेलच असं नाही.

९. माफीचा साक्षीदार म्हणजे खबरीच नव्हे का? आणि साक्षीदार ‘फितूर’ झाला म्हणजे काय?

माफीचा साक्षीदार हा गुन्ह्यात स्वतः सामील असलेला आरोपी असतो. सगळं खरं सांगण्याच्या अटीवर न्यायालय त्याला माफी देतं. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ मध्ये आहे. मराठी वाचकाला ठाऊक असलेलं उदाहरण गांधीहत्येच्या खटल्यातल्या दिगंबर बडगेचं. बडगेने भर न्यायालयात, नावानिशी साक्ष दिली, उलटतपासणीला तोंड दिलं. खबऱ्याचं नाव कधी बाहेर येत नाही आणि त्याची उलटतपासणीही होत नाही. हा फरक मूलभूत आहे.

फितूर साक्षीदार याच्या उलट. पोलिसांना एक जबाब देऊन न्यायालयात तो फिरवणारा. ‘फितूर’ हा शब्द शत्रूला जाऊन मिळण्यासाठी होता, कोर्टाच्या मराठीने तो साक्षीदाराला लावला. फितुराला खबरी म्हणू नये. एकाने सांगायचं नव्हतं ते सांगितलं, दुसऱ्याने सांगायचं होतं ते गिळलं.

१०. पोर्तुगीज काळात गोव्यात खबऱ्यांचं जाळं होतं का? त्यांना काय म्हणत?

होतं, आणि एकाहून जास्त वेळा उभं राहिलं. गोव्यात या शब्दाला जी धार आहे ती इथून आली असं मला वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिला काळ इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा. गोव्यात ते १५६० मध्ये स्थापन झालं, १७७४ ते १७७८ हा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. त्याची कचेरी जुन्या गोव्यात होती आणि लोक तिला ‘व्हडलें घर’ म्हणत. त्या सगळ्या यंत्रणेचा पाया कागाळीवर होता. शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध, नात्यातल्याने नात्यातल्याविरुद्ध जाऊन सांगावं यासाठी फर्मानं वाचली जात, न सांगणाऱ्यालाही पापाची आणि शिक्षेची भीती घातली जाई. १७३६ च्या फर्मानाने तर लग्नातले रिवाज, खाण्याच्या पद्धती, पेहराव असल्या घरगुती गोष्टींवर बंदी घातली. घरात काय चालतं हे सांगायला घरातलाच किंवा शेजारचाच माणूस लागणार हे उघड आहे. आणि सगळ्यांत भयंकर भाग हा की पकडलेल्याला आपल्याविरुद्ध कुणी सांगितलं ते कळू दिलं जात नसे. त्यामुळे संशय कुण्या एकावर न राहता सगळ्यांवर पसरे.

पुढे १७८७ मध्ये गोमंतकीय पाद्री आणि सैन्यातले अधिकारी यांनी राज्य उलथण्याचा बेत केला, जो पिंटोंचा कट म्हणून ओळखला जातो. तो उठावाआधीच फुटला, धरपकड झाली आणि अनेकांना देहदंड झाला. ‘कट फुटला’ या दोन शब्दांमागे कुणीतरी बोललेला माणूस असतो.

दुसरा काळ सालाझारशाहीचा, म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचा. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेतली आणि नागरी स्वातंत्र्याची चळवळ पेटली. तिला दाबायला पोर्तुगीज पोलिसांनी गावोगाव माणसं ठेवली, आणि १९५०च्या दशकात ‘पिदे’ या गुप्त पोलीस खात्याचं सावट इथे आलं. पोर्तुगीज पोलिसांतला आजेंत (एजंट) कासिमिरो मोंतेरो हे नाव स्वातंत्र्यसैनिकांच्या पिढीच्या तोंडी शिवीसारखंच येई. पत्रकं कोण वाटतो, सीमेपलीकडून कोण आला, रात्री कुणाच्या माडीवर दिवा होता, असल्या बातम्यांवर माणसं उचलली गेली आणि आग्वादच्या तुरुंगात सडली. मराठीतल्या आठवणींत अशा माणसाला ‘पाखल्यांचा’, म्हणजे पोर्तुगीजांचा, ‘हस्तक’ म्हटलेलं भेटतं. पोर्तुगालात पिदेच्या खबऱ्यासाठी ‘बुफो’ हा बोलीशब्द होता. ‘बुफो’ म्हणजे घुबडाची एक जात.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. गावागावांत मात्र कोण कुणाकडे जाऊन बोलला होता याची कुजबुज पुढे कितीतरी वर्षं चालली. अमुक घराण्यात सोयरीक नको, का, तर आजोबा पाखल्यांना बातम्या देत. खरं असो की खोटं, ते नातवाच्या माथी बसलं. म्हणून गोव्यात कुणाला खबरी म्हणताना इतर ठिकाणांपेक्षा दोनदा विचार करावा असं माझं ठाम मत आहे.

११. न्यायालयात पोलिसांना खबऱ्याचं नाव सांगावंच लागतं का?

सक्ती करता येत नाही. गुन्ह्याची बातमी कुठून मिळाली हे सांगायला दंडाधिकारी किंवा पोलीस अधिकाऱ्याला भाग पाडता येणार नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२५ मध्ये होतं. आता तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३१ मध्ये आहे. महसुलाविरुद्धच्या गुन्ह्यांत महसूल अधिकाऱ्यालाही हेच संरक्षण मिळतं. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६८ याच आशयाचं आहे. हणजुणे, कळंगुट पट्ट्यातल्या ड्रग्जच्या खटल्यांत या तरतुदीचं महत्त्व लक्षात येईल.

पण त्याच कायद्याचं कलम ४२ सांगतं की मिळालेली माहिती अधिकाऱ्याने लेखी नोंदवावी आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठाला पाठवावी. म्हणजे नाव झाकलेलं राहतं, बातमी मात्र कागदावर येते. ही नोंद नीट नसली तर बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. आणि खबरी स्वतः गिऱ्हाईक होऊन सौद्यात शिरला असेल, तर तो नुसता बातमी देणारा उरत नाही, त्याच्या साक्षीचा प्रश्न उभा राहतो. तिथे प्रश्न ८ मधला पंटर आठवावा.

१२. खबऱ्याला पैसे मिळतात का? किती?

मिळतात, पण खात्यानुसार. पोलिसांकडे गुप्त सेवेसाठी निधी असतो, त्यातून किरकोळ रकमा जातात. कस्टमच्या बक्षीस धोरणात कमाल मर्यादा २० टक्क्यांची आहे, आणि ती जप्त मालाच्या विक्रीतून हाती येणाऱ्या रकमेवर मोजतात. २०१८ मध्ये आयकर खात्याने दोन योजना काढल्या: करचुकवेगिरीची माहिती देणाऱ्याला ५० लाखांपर्यंत, बेनामी मालमत्तेची माहिती देणाऱ्याला एक कोटीपर्यंत. या कमाल मर्यादा आहेत. नुसती टीप दिली की घबाड हाती लागतं असं समजू नये. माहिती खरी निघावी लागते, वसुली व्हावी लागते आणि त्यात वर्षं जातात.

१३. पोलिसांची बातमी धंदेवाल्यांना देणारा, तोही खबरीच का?

हो. शब्दात दिशा ठरलेली नाही, प्रश्न १ मध्ये खात्याच्या खुणेला ‘बहुधा’ लावलं ते म्हणूनच. तेरेखोल, शापोरा नद्यांत रात्री बेकायदा रेती उपसतात, तेव्हा तिठ्यावर मोबाइल घेऊन बसलेला पोरगा खात्याची जीप वळली की होडीवर कळवतो. पथक पोचेपर्यंत पात्र रिकामं. तो रेतीवाल्यांचा खबरी. अशा वेळी ‘कोणाचा’ हे लिहायलाच हवं, कारण नुसतं ‘खबरी’ लिहिलं की वाचक पोलिसांचाच धरतो. बातमी खात्याच्या आतूनच गेली असेल तर ‘टीप फुटली’ किंवा ‘छाप्याची बातमी फुटली’ असं म्हणतात.

१४. मी ग्रामसभेत डोंगरकापणीबद्दल विचारलं, तर मला खबरी म्हटलं. ते बरोबर आहे का?

अजिबात नाही. हा प्रश्न वेगवेगळ्या तालुक्यांतून, जवळजवळ याच शब्दांत येतो, म्हणून याला सगळ्यांत जास्त जागा देतो.

प्रसंग सहसा असा असतो. रविवारची ग्रामसभा, पंचायतीचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, अर्धे लोक दारात उभे. कुणी निवृत्त मास्तर किंवा एखादी बाई उठते, मोबाइलवरचा फोटो सरपंचांपुढे धरते: देवळामागची टेकडी जेसीबीने कापली आहे, लाल माती खालच्या शेतात उतरली आहे, परवान्याचा कागद दाखवा. सरपंच काही बोलायच्या आत मागून आवाज येतो, ‘खबरी आयलो रे!’ हशा पिकतो. विचारणारा खाली बसतो. पुढच्या ग्रामसभेला तो येत नाही.

आता प्रश्न १ मधल्या खुणा लावून बघा. बातमी आतली आहे का? नाही, कापलेली टेकडी रस्त्यावरून दिसते. गुपचूप दिली का? नाही, भर सभेत, माईकवर. बदल्यात काही मिळालं का? शिव्या. उरली एकच खूण, अधिकाऱ्याला सांगितल्याची, पण सरपंचाला प्रश्न विचारण्यासाठीच तर ग्रामसभा असते. शिवाय डोंगराळ जमीन कापण्यासाठी गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली परवानगी लागते. परवाना आहे का हे विचारणं हा नागरिकाचा साधा हक्क आहे.

मग त्याला हा शब्द का चिकटवतात? कारण तो शब्द काम करतो. प्रश्न टेकडीचा होता, तो विचारणाऱ्याच्या इमानाचा होऊन बसतो. प्रश्न १० मध्ये सांगितलेल्या इतिहासामुळे गोव्यात त्या शब्दाची धास्ती आहेच, तिचा फायदा टेकडी कापणाऱ्याला होतो. अशा माणसासाठी भाषेत चांगले शब्द आहेत: तक्रारदार, अर्जदार, हरकत घेणारा, जागरूक गावकरी. बातमी लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की सभेत कुणी ‘खबरी’ म्हणून हिणवलं तर ते अवतरणात द्या, स्वतःच्या मथळ्यात उचलू नका.

१५. ‘व्हिसलब्लोअर’ला मराठीत काय म्हणावं?

मराठी वर्तमानपत्रांनी ‘जागल्या’ हा शब्द रूढ केला आणि तो उत्तम आहे. जागल्या म्हणजे रात्री गावाची राखण करणारा, चोर दिसला की हाळी देणारा. त्यात लपवाछपवी नाही, जबाबदारी आहे. गोव्यात हा शब्द बोलण्यात नाही, पण इथे ‘राखणदार’ आहे. गावाचा राखणदार रात्री सीमेवर फिरतो ही श्रद्धा गोव्यात घट्ट आहे, तेव्हा ‘जागल्या’ समजावताना त्याचा आधार घेता येईल. थेट ‘राखणदार’ मात्र लिहू नये. ते दैवत आहे.

जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो अमलात आणलेला नाही. केंद्रीय खात्यांतल्या भ्रष्टाचाराची तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून करता येते, ती २००४ च्या ठरावानुसार. बिहारमध्ये रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार उघड करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांचा २००३ मध्ये खून झाला, त्यानंतर तो ठराव आला.

१६. पत्रकाराला माहिती देणाराही खबरीच म्हणायचा का?

पत्रकारितेत त्याला ‘सूत्र’ म्हणतात, आणि ते वेगळं ठेवणं योग्य आहे. सूत्राने दिलेली माहिती सगळ्यांसाठी छापली जाते, खबऱ्याची एका खात्यापुरती राहते. प्रेस कौन्सिलपुढे चाललेल्या कारवाईत वर्तमानपत्राला सूत्राचं नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असं १९७८ च्या कायद्याचं कलम १५ सांगतं. न्यायालयात मात्र पत्रकाराला असं सरसकट संरक्षण नाही, हे नव्या वार्ताहरांनी ध्यानात ठेवावं.

१७. कुणाला जाहीरपणे खबरी म्हटलं तर अब्रुनुकसानी होते का?

होऊ शकते. एखाद्याची प्रतिष्ठा घालवणारा आरोप बोलून, लिहून किंवा गावच्या व्हॉट्सॲप गटात टाकून केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तक्रार करता येते. ड्रग्ज किंवा खंडणीच्या टोळ्यांच्या बाबतीत तर प्रश्न अब्रूपुरता राहत नाही, असा शिक्का जिवावर बेतू शकतो. फोटोसकट ‘हाच तो खबरी’ असे निरोप पुढे ढकलणाऱ्यांना याची कल्पना नसते. असा निरोप आला तर पुढे पाठवू नका, आणि नाव तुमचं असेल तर पडद्यावरची प्रत (स्क्रीनशॉट) काढून ठेवून लगेच पोलिसांत आणि वकिलाकडे जा.

१८. सूड म्हणून खोटी खबर दिली तर?

तो गुन्हा आहे. सरकारी अधिकाऱ्याने आपले अधिकार वापरून दुसऱ्याला त्रास द्यावा या हेतूने जाणूनबुजून खोटी माहिती देणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ मध्ये बसतं, खोटा गुन्हा अंगावर घालणं कलम २४८ मध्ये. जमिनीच्या भांडणात भाऊच भावाच्या गाडीबद्दल अबकारीला फोन करतो, अशा गोष्टी आपण ऐकतो. त्याला खबरी म्हणू नका. खबरीची बातमी निदान खरी असावी लागते.

१९. मुलं वर्गात ‘बाईंचा खबरी’ म्हणून एकमेकांना चिडवतात. काय समजवावं?

खोडरबर कुणी लपवलं हे बाईंना सांगणं म्हणजे चहाडी, आणि त्यावरून चिडवाचिडवी होणारच. पण कुणी कुणाला मारतंय, घाबरवतंय, नको तिथे हात लावतंय, हे मोठ्यांना सांगणं वेगळं आहे. हा फरक मुलांना स्पष्ट शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगावा. मोठ्यांवर तर कायद्याचंच बंधन आहे: मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न देणं हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, कलम १९ आणि २१ पाहा. ज्या शाळेत ‘खबरी’ ही सगळ्यांत मोठी शिवी झाली आहे, तिथे मुलं महत्त्वाचं काही सांगायची बंद होतात. शिक्षकांनी हा शब्द स्वतः कधीही, गमतीनेही, वर्गात वापरू नये.

२०. इंग्रजी सिनेमात खबऱ्याला ‘रॅट’ म्हणतात. मराठीत ‘उंदीर’ चालेल का?

नाही. मराठीत उंदीर धान्य खातो, गणपतीचं वाहन होतो, पण बातम्या देत नाही. संवादात ‘खबरी’, ‘फुटला’, ‘आतून बोलला’ यांतलं काहीही बसेल. ‘तो फुटला’ सगळ्यांत जोरकस.

२१. १९५०च्या दशकातल्या गोव्यावर कादंबरी लिहितोय. पात्राच्या तोंडी ‘खबरी’ घालू का?

मी घालणार नाही. त्या काळच्या डिचोली-साखळीकडच्या मराठी बोलणाऱ्या घरात ‘पाखल्यांचा माणूस’, ‘हस्तक’, ‘त्यांना जाऊन मिळालेला’, ‘फितूर’ हे शब्द जास्त खरे वाटतील. पोलिसी ‘खबरी’ मुंबईकडून सिनेमा आणि पेपरांबरोबर नंतर रुळला. तुमचं पात्र मुंबईत गिरणीत किंवा बंदरात नोकरी करून परत आलेलं असेल तर त्याच्या तोंडी तो शोभेल, आणि घरातल्या म्हाताऱ्याने ‘म्हणजे कोण?’ असं विचारलं तर प्रसंग आणखी पटेल. पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या संवादात ‘बुफो’ वापरायचा मोह होईल, पण ती शिवी खबऱ्यांवर चिडलेल्या लोकांची आहे. अधिकारी आपल्याच माणसाला तसं हाक मारणार नाही. त्याच्या तोंडी नुसतं ‘आपला माणूस’ ठेवा.